पटावरचं विसावं नाव

धामणदरी तांड्याच्या शाळेत मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही. चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातला जो जुना तो मुख्याध्यापक. त्या नात्याने कौसल्या नगराळे अकरा वर्षांपासून मुख्याध्यापक आहेत. सही केली की नावाखाली ‘प्रभारी’ लिहावं लागतं. दारव्ह्याहून सोळा किलोमीटर स्कूटी चालवत त्या येतात, कुलूप उघडतात, खिचडीच्या तांदळात किडे झाले का ते पाहतात, तिसरी-चौथीला शिकवतात, आणि ‘आजच दुपारी दोनपर्यंत’ म्हणून तालुक्याहून मागितलेली माहिती पाण्याच्या टाकीवर चढून पाठवतात, कारण रेंज तिथेच येते. दुसरे शिक्षक राजदीप ढोके आठवड्यातले तीन दिवस तालुक्याच्या कार्यालयात ऑनलाइन कामाला बसतात. त्यांना संगणक चांगला येतो, एवढीच त्यांची चूक.

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या बैठकीत त्यांच्या शाळेचं नाव वाचलं गेलं. हिवाळ्यात कधीतरी पडताळणी होईल, त्या दिवशी वर्गात वीस मुलं दिसली नाहीत तर जूनपासून शाळा चार किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेत मिसळायची. मध्ये नाला आहे, पावसाळ्यात दोन-दोन दिवस उतरत नाही. मुलगे कसेबसे जातील, मुली घरी बसतील, हे बाईंना कोणी सांगण्याची गरज नव्हती. स्वतःचं काय होईल तेही त्यांना ठाऊक होतं. समायोजनात केळापूरकडचं एखादं गाव मिळेल आणि शेवटची दोन वर्षं एसटीत जातील.

पटावर तेवीस नावं होती. अडचण अशी की दसरा झाला की तांडा ऊसतोडीला निघतो. ट्रक येतो, भांडी, कोयते, कोंबड्या आणि मुलं त्यात चढतात, आणि धामणदरीची शाळा मार्चपर्यंत अर्धी होते. मागच्या वर्षी मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर झालं होतं, पण मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मुलं जाऊन तीन महिने झाले होते. यंदा बाईंनी पत्राची वाट पाहिली नाही. शाळा सुटली की त्या घरोघर फिरायच्या. ज्या घरात म्हातारं माणूस मागं राहणार, तिथं मूल ठेवून जा म्हणायचं. दोन आठवड्यांत त्यांनी पाच मुलं अशी राखली. एकोणीस झाली. विसावं नाव राहिलं होतं ते खेमसिंग राठोडच्या पायलचं, तिसरीतल्या.

त्या गेल्या तेव्हा खेमसिंगची बायको लालीबाई पोत्यात भांडी भरत होती. दीड वर्षाची प्रेरणा पायलच्या कडेवर होती. म्हातारी मोतीबाई, खेमसिंगची आई, भिंतीला टेकून बसली होती.

“पायलले यंदा ठेवा,” बाई म्हणाल्या. “आजीपाशी राहीन. वाचाले लागली आहे आता. सहा महिने गेली तं पुन्हा पहिलीपासून.”

“अन् हिले कोन पाहीन?” लालीबाईने प्रेरणाकडे हात केला. “फडात मी मोळ्या बांधू का हिच्यामांगं पळू?”

“झोळी बांधत जा. पायल लाहान होती तवा तिले कोन पाहे? झोळीतच वाढली ना?”

लालीबाई हसली. “मॅडम, तुमी उसाच्या फडात कधी गेलत्या का?”

“नाही.”

“म्हून.”

खेमसिंग इतका वेळ कोयत्याची मूठ बसवत होता. तो मान वर न करता म्हणाला, “मॅडम, एक खरं सांगा. पोरीसाठी आल्या का शाळेसाठी?”

“दोन्हीसाठी.”

“हे बरं झालं. कोनी तरी खरं बोललं,” तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहून, “पाह्य आता, तुयं काय म्हननं हाय.”

लालीबाईचं म्हणणं नव्हतं असं नाही, पण मध्येच मोतीबाई बोलली. तिचे गुडघे गेले आहेत, हापशीपर्यंत जाणं होत नाही. “राहू दे तिले. मले बी घोटभर पानी द्याले कोनी पाह्यजे.”

सासू बोलल्यावर लालीबाईने पायलच्या कडेवरून प्रेरणाला घेतलं आणि ती पुन्हा भांडी भरू लागली. तिसऱ्या दिवशी ट्रक गेला.

त्या हिवाळ्यात पायल एक दिवस चुकली नाही. सकाळी हापशीवरून चार कळशा, मग आजीची भाकर, मग शाळा. केस स्वतः विंचरायची, मागची बट सुटलेली असायची. वाचायला लागली होती, हातच्याची वजाबाकी मात्र जमत नव्हती. कधी मधल्या सुट्टीत डाव्या कुशीला हात लावून उभी राहायची. तिथं दीड वर्ष बहीण बसत होती, कूस रिकामी ठेवून उभं राहायची सवय मोडली होती. हे बाईंनी पाहिलं होतं. पटावर रोज वीस हजर लिहिताना बरं वाटायचं, हेही खरं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तांड्यावर फोन आला. कारखान्याच्या तळावर पहाटे पाचला लालीबाईने तीन दगडांवर पाणी तापत ठेवलं होतं. खेमसिंग ट्रक भरायला गेला होता. ती लाकडं आणायला चार पावलं गेली, तेवढ्यात प्रेरणा खोपीतून दुडूदुडू बाहेर आली आणि तिने भगुण्याचा काठ धरला. उजवा हात, पोट आणि मांडी भाजली. जीव वाचला. तिकडच्या सरकारी दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, बोटं चिकटू शकतात.

बाई भेटायला गेल्या तेव्हा मोतीबाई रडत नव्हती. आवाजही चढलेला नव्हता. ती म्हणाली, “पहाटच्याले लाहानी पायलच्या पोटाशी झोपे. पायल उठल्याबिगर थे उठत नव्हती.”

बाईंनी चहा घेतला नाही. दारात पायल कळशी घासत होती. ती बाईंना पाहून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.

पुढच्या मंगळवारी दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. सकाळी ग्रुपवर निरोप आला, पडताळणी गुरुवारी, विस्तार अधिकारी स्वतः येतील. दुपारी खेमसिंगचा मोठा भाऊ भीमसिंग शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. तोही तोडीला गेलेला. एसटीने रात्रभर प्रवास करून आला होता, पायात चिखलाच्या चपला.

“मॅडम, पायलले न्याले आलो. लालीले लेकरापासून हलता येत नाई. रोज एक मानूस पाह्यजे तिथं, अन् मानूस दवाखान्यात बसला तं फड कोन तोडीन? मुकादम बोंबलून राह्यला.”

बाईंनी वर्गात पाहिलं. पायल दुसऱ्या ओळीत होती, तिने काकाचा आवाज ओळखला होता आणि दप्तर आवरायला घेतलं होतं.

“गुरुवारी नेलं तं चालन का?” बाई म्हणाल्या.

“दोन दिवस काहून?”

खरं सांगता आलं असतं. खेमसिंगला सांगितलं होतं तसं. बाई म्हणाल्या, “तिचा पेपर आहे गुरुवारी.”

भीमसिंगने कपाळ खाजवलं. लालीबाई वाट पाहत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पेपर म्हटल्यावर तो अडला. “माया दहावीचा गनिताचा पेपर उसातच राह्यला,” तो म्हणाला. “बाप म्हने पुढच्या वर्षी दे. पुढचं वर्ष काई आलं नाई.” मग म्हणाला, “बरं. गुरुवारी दुपारच्या जीपनं नेतो. त्याच्या पुढं नाई थांबत.”

दोन दिवस पायलने अभ्यास केला. मोतीबाई सांगत होती, पोट्टी चुलीपाशी बसून पाढे म्हणते. बुधवारी मधल्या सुट्टीत तिने बाईंना विचारलं, “मॅडम, पेपरमंदी हातच्याचं येते का?” बाई म्हणाल्या, “येईल.” दुसऱ्या कोणत्याही मुलाने पेपरची चौकशी केली नाही, कारण दुसऱ्या कोणाला पेपर माहीत नव्हता.

गुरुवारी अधिकारी साडेअकराला आले. सोबत केंद्रप्रमुख आणि टॅब घेतलेला एक शिपाई. मुलांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं, एकेकाचं नाव, फोटो. ढोके सर त्या दिवशी हजर होते आणि नको तितके पुढे पुढे करत होते. पायलने लाल रिबिनी बांधल्या होत्या. तिचा फोटो सर्वांत शेवटी निघाला.

“वीस,” अधिकारी म्हणाले. “बरोब्बर वीस? एकही जास्त नाही?”

“नाही सर.”

“नशीबवान आहात, नगराळे मॅडम. शेजारच्या तांड्यावर सतरा निघाली.” ते हसले. “पुढच्या वर्षीचं मात्र पाहा. चौथीतली सात बाहेर पडतील, पहिलीत नवीन किती येतील तुमच्याकडे?”

“दोन.”

“पाहा मग,” म्हणाले आणि खिचडी न खाता गेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी पोरं ओरडत मैदानात पळाली. ढोके सर म्हणाले, “मॅडम, सुटलो.” बाई वर्गाकडे वळल्या.

पायल पळाली नव्हती. वर्गात एकटी बसली होती, पुढ्यात वहीचं फाडलेलं कोरं पान, वर नाव आणि तारीख लिहिलेली.

“मॅडम, पेपर?”

बाई फळ्याकडे गेल्या. खडू घेतला. आठ उदाहरणं लिहिली, चार साधी, चार हातच्याची. पायलने पान तिरकं केलं आणि ती लिहू लागली. बोटं मोजताना तिचे ओठ हलत होते.

भीमसिंग आला तेव्हा खांद्यावर पोरीच्या कपड्यांची पिशवी होती. तो दाराशी थांबला. आधी त्याने वर्ग पाहिला, मग मैदान. मैदानात एकोणीस पोरं होती, काही खिचडीच्या रांगेत, काही एकमेकांच्या मागे धावत. पायलच्याच वर्गातली समीक्षा त्याच्या अगदी जवळून लंगडी घालत गेली.

“बाकीच्यायचा पेपर झाला का?” त्याने विचारलं.

बाईंच्या हातात खडू होता. “पेपर नव्हता, भीमसिंगभाऊ. साहेब येणार होते. वीस पोरं दाखवायची होती.”

भीमसिंगने शिवी दिली नाही. बाईंनी त्याची तयारी ठेवली होती. त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “लाली दोन दिवसांपासून एकटी हाय तिथं,” तो म्हणाला. “हात धुवाले बी उठता येत नाई तिले. लेकरू पट्टी ओढते म्हने.” मग फळ्याकडे पाहून, “मंग आता हे कायले लिहाले लावता तिले?”

पायलने मान वर केली नव्हती, पण पेन्सिल थांबली होती.

“चाल,” भीमसिंग म्हणाला.

“मोठेबाबा, दोन राह्यले.”

“राहू दे.”

“फक्त दोन.”

तो दाराच्या चौकटीला टेकला. बाहेर रस्त्यावर जीपचा हॉर्न दोनदा वाजला. पायलने घाईत दोन उत्तरं लिहिली, पान बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि चपला हातात घेऊनच धावली. बाईंनी स्थलांतराचं हमी कार्ड भरून ठेवलं होतं, तिकडच्या शाळेत दाखवायला. भीमसिंगने ते न वाचता घडी करून खिशात घातलं. तळापासून शाळा किती लांब आहे ते बाईंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

जीप गेल्यावर ढोके सर दारात आले, “फोटो अपलोड झाले मॅडम, सगळे हिरवे दिसून राह्यले,” म्हणाले आणि गेले. बाईंनी लाल पेन उघडून पान तपासलं. आठपैकी सहा बरोबर. शेवटची दोन चुकली होती, दोन्हींत हातचा घ्यायचा राहिला होता. एरवी त्यांनी पोरीला जवळ बोलावून ती दोन तिथल्या तिथे पुन्हा करून घेतली असती.