आबाने मागितलेली एक पोफळ

आमचा आबा पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपाऱ्या उतरवणारा, झाडाकडे पाठ करून शिकवायचा. तुम्ही सुपारीच्या झाडावर, पोफळीवर, तीस हात उंच, पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता. आणि ज्यानं तुम्हाला वर चढवलं तो बाबा खाली झाडाकडे पाठ करून विडी ओढतोय. वर मान म्हणून करायचा नाही. पण तुमचा पाय चार बोटं घसरला, की लगेच खालून आवाज, "डावा पाय बोलतोय तुझा, गाढवा. गप कर त्याला."

मी एकदा धीर करून म्हटलं, "आबा, एकदा तरी वर बघा की. कसा चढतो ते दिसेल."

"मी वर बघितलं तर तू माझ्याकडं बघशील," आबा म्हणाला. "मग झाडाकडं कोण बघणार? तुझा बाप?"

माझा बाप खरंच तिथं उभा होता. तो म्हणाला, "बरोबर हाय आबाचं."

मला अक्षर येत नाही. मी सांगतोय आणि पुतणी लिहून घेतेय, नि हसायच्या जागा सोडून भलतीकडेच हसतेय. तर श्रीवर्धनच्या बाजूला आमच्या वाड्या. नारळ आणि पोफळी, खाली केळी, मधून पाटाचं पाणी. सुपारीच्या दिवसांत पाडेली नसला तर वाडीवाल्यानं नुसतं वर बघत बसायचं. मी त्या धंद्यात शिरलो तो हुशारीनं नव्हे. होडीत बसलो की ओकायचो, शेतावर पाठवलं की बांधावर झोपायचो. शेवटी बापानं मला आबापुढे उभं केलं नि सांगितलं, "ह्याला वर पाठवा. खाली हा कुणाच्या कामाचा नाय."

आबानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात बैल बघतात तसं. म्हणाला, "वर तरी असंल काय?"

पहिले आठ दिवस चढायचं नाव नाही. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत एका पोफळीला मिठी मारून उभं राहायचं. "झाड कसं हलतं ते छातीला कळू दे," एवढंच सांगितलं. वाडीत केळीची पानं कापायला बाया यायच्या. त्यांना फुकट करमणूक. एक म्हणायची, "गण्याचं जमलं वाटतं गो!" दुसरी म्हणायची, "नवरी जरा उंच हाय, पण चालंल." मी मान खाली घालायचो तर कपाळ झाडावर आपटायचं. आठव्या दिवशी आबानं विचारलं, "काय कळलं?" मी म्हटलं, "मुंग्या चावतात." तो म्हणाला, "चल, काहीतरी कळलं."

पोफळीचं काम नारळासारखं नाही. पोफळ बारीक, पोटरीएवढी असते म्हणा, आणि ओळीत लावलेली. एका झाडाचा घड उतरवला की खाली यायचं नाही. वरच्या वर झोका द्यायचा, पोफळ वाकते, शेजारची हाताला लागते, तिला धरायचं आणि तिच्यावर जायचं. अशी आख्खी ओळ. खालून बघणाऱ्याला वाटतं माणूस उडतोय. उडणाऱ्याला काय वाटतं ते मी सांगत नाही, पुतणी लिहायची नाही. आबा त्या वेळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "दुसरं झाड हातात आलं म्हणून पहिल्याला लाथ मारायची नाय. हळू सोड. त्याच्याकडं उद्या परत यायचंय."

त्याची माया अशी कधी दिसलीच नाही. माझे तळवे फाटले, रक्त यायला लागलं, तेव्हा एका दुपारी त्यानं खोबरेल आणलं आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला बसला. मला भरून आलं. मी म्हटलं, "आबा, असू दे, मी लावतो." तो म्हणाला, "गप बस. तुझ्या खरबरीत पायांनी माझी झाडं सोलून निघाली." बायको पोर त्याला नव्हतं. वाडीच्या टोकाला खोपटात एकटा राहायचा, एकाच माणसाचा भात शिजवायचा. कुणी जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "तुमच्याकडं मीठ जास्त." सगळ्या गावाकडं मीठ जास्त कसं असेल? पण विचारायची सोय नव्हती.

आमचं फाटलं ते स्वातंत्र्याच्या दिवशी. गावानं ठरवलं, झेंडा सगळ्यात उंच पोफळीच्या शेंड्याला लावायचा. दिवस श्रावणाचे, झाडाला शेवाळ. आबा म्हणाला, "लंगोट लावून चढ, झेंडा बांध, खाली ये. बाकी काय करू नको." पण खाली सगळा गाव, शाळेची पोरं, वाडीचे मालक नाना टोपी घालून. मी शेजाऱ्याचं नवंकोरं धोतर मागून आणलं आणि नेसून चढलो. झेंडा बांधला. तिथवर ठीक. मग मला सुचलं की पलीकडच्या पोफळीवर जाऊन दाखवावं. झोका दिला, पलीकडची धरली, गाव ओरडलं, आणि धोतराचा सोगा मागच्या झाडाच्या झावळीत अडकून राहिला. मी गेलो पलीकडे, धोतर राहिलं अलीकडे. त्या दिवशी आमच्या गावात दोन झेंडे फडकले. लंगोट होता म्हणून अब्रू निम्मी वाचली.

सगळे हसून लोळले. मीही वरून हसलो. एकटा आबा हसला नाही. मी खाली उतरल्यावर त्यानं माझ्या कमरेचा कोयता काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू माणसांसाठी चढतोस. उद्यापासून माझ्या झाडाला हात लावायचा नाय."

मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. पण त्याच दिवाळीला तो मुंबईला गेला, भावाकडे. बंदरात काम मिळालं म्हणाले. मला सांगून गेला नाही. कोयता मात्र माझ्या बापाकडे ठेवून गेला होता. "त्याला द्या" असं म्हणाला नव्हता, आणि "देऊ नका" असंही म्हणाला नव्हता. मी तो घेतला. गावात दुसरा पाडेली उरलाच नव्हता, म्हणून मी पाडेली झालो. ह्यात माझी करामत काही नाही.

पण लोकांना करामत लागते. पुढच्या दहा-बारा वर्षांत माझं नाव झालं. खाली पाय न टेकता मी बावीस पोफळींची ओळ करायचो. सुपारीच्या दिवसांत म्हसळ्याहून, कुठून कुठून पाहुणे आले की नाना त्यांना वाडीत आणायचे, "आमचा गणू बघा." मला मारुतीचा अवतार म्हणायचे. चेहऱ्यामुळे असेल. मी वरून विनोद करायचो, ते खालून हसायचे. मग ते जेवायला जायचे. मी वरच असायचो. वरून सगळं दिसतं हो, घरं, धूर, रस्ता, समुद्र, कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते. पण बोलायला कोण? आवाज टाकून बोलावं लागतं, आणि ओरडून मनातलं बोलता येत नाही. कधी वाटायचं, खालून कुणीतरी गाढवा म्हणावं. मग मीच म्हणायचो, "डावा पाय बोलतोय, गाढवा." पाय काही ऐकायचा नाही.

आणि एक दिवस आबा आला. एसटीतून उतरला, हातात पत्र्याची ट्रंक, गालफडं बसलेली. बंदरात पाठ गेली होती म्हणे. भाऊ वारला, भावजयीला ओझं नको झालं. तो सरळ नानांकडे गेला, काम मागायला. नाना म्हणाले, "आबा, आता मुकादम गणू हाय. तो म्हणंल तसं."

आबा माझ्याकडे आला. मी उभाच राहिलो, हात कुठं ठेवावेत कळेना.

"एक झाड दे," तो म्हणाला.

"आबा, आता तुमचं वय झालं..."

"ओळ मागत नाय. एक झाड."

मी म्हटलं, "नको आबा. काय झालं म्हणजे? तुम्ही खाली बसा. सुपाऱ्या वेचा, गोळा करा. मी हाय ना."

सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं. गुरूची केवढी काळजी करतो बघा, म्हणाले. नानांनी पाठ थोपटली. आता खरं सांगतो. काळजी होतीच थोडी, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती होती. हा म्हातारा चढला, आणि माझ्यापेक्षा चांगला चढला, तर? पाहुणे कुणाकडे बघतील? बावीस पोफळींचा मारुती एका मोडक्या पाठीला भ्याला. म्हणून मी त्याला खाली बसवला.

तो बसला. टोपली घेऊन माझ्या झाडाखाली यायचा. मी घड उतरवायचो, त्यातल्या सुटलेल्या सुपाऱ्या तो पाल्यातून एकेक वेचायचा. आणि बोलायचा नाही. एक शब्द नाही. मी वरून कान लावून बसायचो. माझे पाय बोलत होते, चांगले आरडाओरडा करत होते, मला स्वतःला ऐकू येत होतं. खाली गप्प.

एकदा मी मुद्दाम घाण काम केलं. कच्चा घड तोडला आणि तो न सांभाळता तसाच खाली टाकला. हा अपराध असा, की पूर्वी आबानं मला झाडाला बांधून घातलं असतं. तो उठला, घड उचलला, टोपलीत ठेवला.

मी वरून ओरडलो, "आबा, बोला की काहीतरी!"

"काय बोलू, मुकादम?"

"चुकलं ना माझं!"

"चुकलं असंल," आबा म्हणाला. "ज्याच्याकडं झाड नाय त्यानं काय बोलायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी खाली उतरलो, त्याला म्हटलं, चहा घ्या माझ्याकडे. तो म्हणाला, "नको, मुकादम. तुमच्याकडं कामं असतील."

त्यानं आणखी एकदा मागितलं. हंगाम संपत आला होता, शेवटची ओळ राहिली होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, जसं कुणी चोरून उसने पैसे मागतं तसा, "ही ओळ झाली की मी म्हसळ्याला भाचीकडं जातो. थंडीनं पाठ धरते इथं. विहिरीजवळची ती एक पोफळ दे. कुणी बघायला नको. तूही नको."

म्हणजे मला बघूही देणार नव्हता. माझी भीती तिथंच संपायला हवी होती. पण तोंडाला सवय लागलेली असते. मी म्हटलं, "पुढल्या हंगामाला बघू, आबा."

त्यानं टोपली उचलली. मग मान हलवली. "पुढल्या हंगामाला," म्हणाला.

दोन दिवसांनी मी ओळीच्या मध्यावर होतो आणि तो ट्रंक घेऊन रस्त्याला लागला. वरून मला दिसत होता, पार वळणापर्यंत. उतरायला किती वेळ लागतो? पण खाली नानांचे पाहुणे बसले होते, आणि अजून अकरा झाडं राहिली होती. मी अकरा झाडं केली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पावसाळाभर ते मला खात राहिलं. पुन्हा सुपारी धरली तेव्हा मी नानांना सांगितलं, "विहिरीजवळच्या पोफळीला मी हात लावणार नाय. ती आबाची." नाना म्हणाले, "पडला तर?" मी म्हटलं, "मी खाली उभा राहीन. माझ्यावर पडंल." त्याला आणायला कधी जावं ते ठरवत होतो, तेवढ्यात म्हसळ्याहून कार्ड आलं.

आमच्या गावात आलेलं कार्ड मास्तर ओटीवर मोठ्यानं वाचायचे, आणि निम्मा गाव ऐकायला. मला वाटलं, आबानं सगळ्या वर्षाच्या शिव्या एकदम धाडल्या असतील. त्या मला पाहिजेच होत्या, पण गावासमोर नको, म्हणून कार्ड मास्तरांकडे नेलंच नाही. कार्डाच्या कोपऱ्याला लाल ठिपका दिसला, तो मी कुंकवाचा समजलो. पोस्टमन पान खायचा हे माझ्या ध्यानात आलं नाही. म्हटलं, शुभ आहे, बोलावणंच असणार. काय ते आबाकडूनच ऐकू, त्याच्या शिव्या त्याच्याच तोंडून. आठ दिवस कार्ड खिशात घेऊन मी झाडं चढलो, कामाला उसंत मिळाली तशी धुतलेला सदरा घातला, आबाच्या पायांसाठी नवा फास वळला आणि म्हसळ्याची एसटी पकडली. कंडक्टर ओळखीचा. त्याला म्हटलं, "येताना दोन तिकिटं. वस्तादाला आणतोय."

भाचीच्या दारात चपला पुष्कळ होत्या. मी मनात म्हटलं, काहीतरी कार्य दिसतंय. ती बाहेर आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "कार्ड पोचलं ना, दादा?"

मी खिशातून काढून दाखवलं. "हे काय. पोचलं."

"बरं झालं बाराव्याला तरी आलात. त्यांचं तिकडचं कुणीच आलं नाय. या, पान मांडलंय."

मी फास सदऱ्याच्या आत सारला आणि पंगतीत बसलो. वरण-भात होता, वडे होते, खीर होती. वाढता वाढता ती माझ्यापुढे थांबली. म्हणाली, "मामा तुमचं नाव काढायचे हो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मला हितं काय फार दिवस राहायचं नाय. तिकडं आमचा गणू मुकादम हाय, तो मला पुढल्या हंगामाला झाड देणार हाय."

मी भात कालवत राहिलो.

"आणखी वाढू, दादा?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. नंतर पुन्हा विचारलं, तेव्हाही हो म्हटलं. म्हसळ्यात अजून सांगतात म्हणे, श्रीवर्धनकडून एक पाडेली आला आणि बाराव्याच्या पंगतीला तीनदा भात घेऊन गेला. खरं आहे ते. भूक नव्हती. पण पानावरून उठलो असतो तर घरी जावं लागलं असतं.