कूस बदलली का?

"कूस बदलली का?"

हा मामांचा नमस्कार होता. कुणाची तब्येत विचारायची असो, दारात आल्याची वर्दी द्यायची असो, की वाचनालयात दोन तास एकाच खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेल्या माणसाला हलवायचं असो, ते हेच विचारत. नवखा माणूस गोंधळून जाई. आम्ही सवयीने "हाव, बदलली" म्हणत असू.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आयुष्यभर एकच काम केलेली, आणि निवृत्तीनंतरही त्या कामाची भाषा अंगावरून न उतरलेली. मी लातुरातल्या एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल. मामा चाकूरकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, इंजेक्शनच्या वेळी जनावर धरायचं. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, आमच्याच गल्लीत राहायला आले. कुणी आदराने डॉक्टर म्हटलं की लगेच दुरुस्त करत, "डॉक्टर न्हाई, ड्रेसर." मी त्यांना मामा म्हणत असे, ते मला सर.

रोज सकाळी ते वाचनालयात येत, पेपरातलं हवामान वाचत आणि जात. पुस्तक कधी एकही घेतलं नाही. मी एकदा आग्रह केला, तेव्हा कपाटांवरून नजर फिरवून म्हणाले, "सगळी उभीच हायेत की, सर. माझं काय काम?"

मामांचं काम पडलेल्यांशी होतं, हे मला कळायला शेंगी पडावी लागली.

शेंगी म्हणजे माझी कुत्री. लांबट, बुटकी, भुईमुगाच्या शेंगेच्या रंगाची. पत्नी गेल्यानंतर घरात माझ्याशी भांडणारं तेवढंच एक उरलं होतं. एका मे महिन्यात ती दिवाणावरून उडी मारून उतरली आणि संध्याकाळपर्यंत तिचे मागचे पाय गेले. मणक्यामधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. हैदराबादला नेऊन पाठीचं ऑपरेशन केलं. तिथल्या डॉक्टरांनी मागच्या पायाच्या बोटाला जोरात चिमटा काढून पाहिला. शेंगीने मान वळवून त्यांच्याकडे रागाने पाहिलं. "जाणीव आहे, म्हणजे आशा आहे," ते म्हणाले. "सहा आठवडे पाहू." आणि काय करायचं, काय नाही, याची इंग्रजीत छापलेली चार पानं माझ्या हातात दिली.

वाचनालय आठवडाभर बंद राहिलं. पाचव्या दिवशी मामा दारात उभे.

"पेपर कुठं वाचावा माणसानं?" असं म्हणत ते आत आले आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी थांबले. पाठीवरचे केस काढलेले, मधोमध टाक्यांची ओळ. त्यांनी हात धुतले, तळवे एकमेकांवर घासले, मग एक तळवा स्वतःच्या गालाला लावून पाहिला. थंड हात जनावराला लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मग तो ऊबदार हात त्यांनी शेंगीच्या कमरेवर ठेवला. शेंगी चावली.

मामा खूश झाले. "भांडायची इच्छा हाय अजून. लई झालं."

पण पुढच्याच वाक्याला आमचं वाजलं. "उठवू हिला," ते बाह्या सारत म्हणाले. "बसलेलं जनावर तीन दिवसांत उभं न्हाई केलं तर ग्येलं समजा. तुम्ही पाच दिवस घालवले."

मी पिंजऱ्यासमोर आडवा उभा राहिलो. तीस वर्षांत मी फक्त 'शांतता राखा' एवढंच बोललेला माणूस. त्या दिवशी म्हणालो, "नाही, मामा. कागदावर स्पष्ट लिहिलंय. सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. बाहेर काढायचं ते फक्त लघवीपुरतं, तेही कंबर धरून."

"वाचा."

मी मराठीत करून वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. ते चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, दुखावले. आता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच म्हणाले, "कागद बरोबर हाय. बैल बसला की त्याचं वजनच त्याला मारतं. खालचा पाय चेंगरून मरतो, म्हणून घाई. हिचं वजन किती? आपल्या तांदळाच्या पिशवीएवढं. हिला घाई न्हाई. पण कूस दोघांनाबी बदलावीच लागती. ते कागदात हाय का?"

ते कागदात होतं. दर चार तासांनी.

"मंग ठीक. अर्धा कागद मला येतोच."

त्यांनी माझ्या फोनमध्ये मला गजर लावायला लावले. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, असे. गजर झाला की शेंगीची कूस बदलायची, खालची चादर ओली असली तर काढायची, टेकलेल्या हाडांवर कातडी लाल झाली का ते पाहायचं. लघवी तिची तिला होत नव्हती. पोटावर दोन्ही बाजूंनी हात ठेवून, पाण्याने भरलेला फुगा फुटू नये असा दाबून ती काढावी लागे. मला पहिले दोन दिवस जमेना. मामा शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "सर, जुन्या पुस्तकाचं पान उलटता तसं करा." तिसऱ्या दिवशी जमलं. पाठीचे टाके निघाले, आणि कागदात होतं तसे आम्ही तिचे मागचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवू लागलो. एक पाय मी, एक पाय ते. शेंगी आमच्याकडे अशी बघे की दोघांचंही डोकं फिरलंय.

कंबर धरून बाहेर न्यायचं तर झोळी हवी. बैल उचलताना ते गोणपाटाची झोळी पोटाखालून घेत, दोन्हीकडे वासे, आणि आठ माणसं. आमच्याकडे माणसं दोन. मामांनी खोलीभर नजर फिरवली आणि खुंटीवरची माझी शबनम काढली.

"ही लागती का तुम्हाला?"

त्या पिशवीतून मी तीस वर्षं पुस्तकं वाहिली होती. मी हो म्हणायच्या आत त्यांनी कात्रीने तिच्या दोन्ही बाजू उसवल्या. मागचे पाय मोकळे, कंबर पिशवीत, बंद माझ्या हातात. मी आणि शेंगी अंगणात असे निघालो की समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "सर, कुत्रं वाचायला न्यायलात का?"

सहा आठवडे संपले. जखम भरली, केस आले. पाय हलले नाहीत.

डॉक्टरांनी फोनवर तिला पाहिलं. आवाज सौम्य होता. काही कुत्री उभी राहत नाहीत, म्हणाले. चाकांची गाडी मिळते, विचार करा. आता पिंजरा नको, व्यायाम वाढवा, पाण्यात चालवता आलं तर पाहा. धाकट्या भावाचा नांदेडहून फोन आला. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "दादा, तू वाळून गेलास. तिचेही हाल. एक इंजेक्शन, झोपेतच जाईल. सोडव तिला." मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या दुपारी मी चारचा गजर बंद केला आणि तसाच बसून राहिलो.

साडेचारला मामा आले. "कूस बदलली का?"

मी नाही म्हणालो. भाऊ काय म्हणाला तेही सांगितलं. त्यांनी हात धुतले, तळवे घासले, गालाला लावून पाहिले आणि शेंगीची कूस बदलली. मग म्हणाले, "उद्या सकाळी तयार राहा. गावाकडं जायचं. टॉवेल घ्या."

चाकूरच्या जीपमध्ये शेंगी माझ्या मांडीवर, टॉवेलात. त्यांच्या मळ्यात विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. मामांनी तो घासून, ताज्या पाण्याने कमरेइतका भरला. धोतर खोचून ते आत उतरले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती.

एका शेतकऱ्याचा बैल बसला होता. मामा रोज जात, कूस बदलत, उचलत. आठव्या दिवशी ते त्या घरच्यांना म्हणाले, आता हा उठत न्हाई, उगं बेजार होऊ नका. घरच्यांनी ऐकलं. सगळे शेतात निघून गेले.

"नवव्या दिवशी तो आपलाआपण उठाय निघाला, सर. पुढचे गुडघे टेकून, कंबर उचलून. बांधावरून त्यांना दिसला, पण गोठ्यात धरायला कुणी न्हाई. पडला तो मानेवर पडला, ग्येला." मामा पाण्याकडे बघत होते. "डॉक्टरांनी न्हाई सांगितलं तसं. मी सांगितलं. ड्रेसरनं. तवापासून मी कोणाला सांगत न्हाई, उठत न्हाई म्हणून. उठो न उठो, आपण धरायला असावं. द्या तिला."

पाण्यात शेंगीचं वजन नाहीसं झालं. मामांचा एक हात छातीखाली, एक पोटाखाली. पुढचे पाय जोरात वल्हवत होते, मागचे दोन ओल्या चिंध्यांसारखे मागे तरंगत. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. आम्ही रोज जाऊ लागलो. वाचनालय दुपारी उघडायला लागलं, आणि वाचकांनी तक्रार केली नाही, ही त्यांची मेहेरबानी. येताना मामा टॉवेलात गुंडाळलेली शेंगी जीपमधल्या अनोळखी बायांच्या मांडीवर बिनदिक्कत देत, "धरा जरा, आजारी हाय."

नवव्या की दहाव्या दिवशी पाण्यात काहीतरी हललं. मला वाटलं लाट. मामा म्हणाले, "बोलू नका." पुन्हा हललं. उजवा मागचा पाय, एकदा, मग दुसऱ्यांदा, पाण्याला ढकलणारा. मी कठड्यावर बसून राहिलो. मामांनी तिला छातीशी धरलं आणि मला म्हणाले, "सर, टॉवेल कुठंय? गारठंल ती." टॉवेल माझ्या हातातच होता.

त्यानंतरचं सगळं हळू झालं. हौदाच्या तळाशी गोणपाट टाकून उभं राहणं, पडणं, पुन्हा उभं राहणं. मग अंगणात शबनमीत. मग शबनम सैल सोडून. मागचा भाग डावीकडे झुके, पाय एकमेकांत अडकत, पण ती चाले. मी एकदा कुरकुरलो की चाल वाकडी राहिली. गुरं धरून धरून फेंगडं चालणारे मामा म्हणाले, "माझी सरळ हाय का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते वाटीत हळद आणि लोणी घेऊन आले. आमच्याकडे त्या दिवशी बैलांची खांदमळण असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-लोण्याने चोळायचे. त्यांच्या मळ्यात आता बैल नव्हते, ट्रॅक्टर होता. मला वाटलं, हळद पाठीवरच्या जखमेच्या खुणेला लावणार. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. शेंगीला पायांत घेऊन ते पुढचे दोन खांदे चोळत बसले.

"चार महिने सगळं अंग ह्यांनी ओढलं," ते म्हणाले. "मागच्याचं कवतिक सगळे करतेत."

शेंगीने लोणी चाटण्यासाठी मान जितकी वळेल तितकी वळवली. ती आठवडाभर पिवळी होती. माझा दिवाणही.

तीन वर्षांनी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'हाव' एवढा एकच शब्द उरला. मुलाने त्यांना गावाकडे नेलं, तिथे सुनेच्या हाताशी माणसं होती. मी आणि शेंगी जीपने भेटायला जात असू. पहिल्यांदा गेलो तेव्हा सून म्हणाली, "त्यांना सारखं काहीतरी सांगायचं असतं, पण उमजत न्हाई." मला उमजलं. मी हात धुतले, तळवे घासले, गालाला लावून पाहिले, आणि त्यांच्या खांद्याखाली हात घालून तिला दाखवलं की कूस कशी बदलायची, पाठीशी उशी कुठे लावायची, टाचेखाली काय ठेवायचं. मामा माझ्या हातांकडे परीक्षकासारखे बघत होते. झाल्यावर म्हणाले, "हाव."

मग मी माझ्या फोनमधला चारचा गजर पुन्हा चालू केला. गजर वाजला की गावाकडे फोन लावायचा. सून फोन त्यांच्या कानाशी धरी. मी विचारत असे, "कूस बदलली का, मामा?" पलीकडून "हाव" येई. कधी लगेच, कधी बराच वेळ लागून. ती आणि तिच्या घरातली माणसं थकली नाहीत. दीड वर्षात त्यांच्या अंगावर एक जखम झाली नाही. डावा पाय ते स्वतः गादीवर रेटत, उठायचंच म्हणून, शेवटच्या आठवड्यापर्यंत. आणि दर वेळी कुणीतरी धरायला असे.

ते या हिवाळ्यात गेले.

वाचनालयात हवामानाचं पान आता सकाळी तसंच घडीत राहतं. शबनम खुंटीवर आहे, उसवलेली. तिच्यात काही ठेवता येत नाही. चारचा गजर मी बंद केलेला नाही. तो वाजतो तेव्हा कोपऱ्यात झोपलेली शेंगी डोळे उघडते, पुढचे खांदे रोवून उठते, मागचं अंग डावीकडे झोकांडतं ते सावरते, जागच्या जागी वाकडीतिकडी एक फेरी मारते, आणि दुसऱ्या कुशीवर झोपते.