व्याह्यांची शेळी आणि फाटकाचा खटका

बांधाला लागून राहणाऱ्या त्या सुताराला सगळे खटकेमामा म्हणत. दारं, खिडक्या, पलंग ते पोटासाठी करत. फाटकाचा खटका मात्र हौसेने. खटका म्हणजे फाटकाला एका टोकाशी खिळलेली लाकडी पट्टी. फाटक मिटताना ती खांबावरच्या तिरक्या ठोकळ्यावर चढते आणि पलीकडच्या खाचेत आपल्याच वजनाने पडते. उघडायला बोटाने उचलायची, बस्स. मामांचं स्वतःचं फाटक तर असं बेताने टांगलेलं, की सोडलं की आपणहून लागायचं.

फाटकाच्या आत मामींचे भाजीचे वाफे होते. त्यातला कोबी रोज कमी होऊ लागला. फाटक पाहावं तर बंद, वाफ्यात मात्र शेळीच्या खुरांचे ठसे. शेजारी शेळी पाळणारं घर एकच, आणि मामांची मुलगी नेमकी तिथेच दिलेली. व्याही मुद्दाम शेळी आत सोडतात आणि वर फाटकही लावून घेतात, अशी मामांची खात्री झाली. पण मुलीच्या सासऱ्यांना बोलणार कसं? ते समोर आले की मामा नुसतं "बरं आहे ना?" विचारत आणि घरी येऊन मामींवर चिडत.

शेवटी एका सकाळी मामा लाकडांच्या ढिगामागे दबा धरून बसले. शेळी एकटीच आली. तिने पट्टीखाली नाक घातलं, पट्टी उचलली, कपाळाने फाटक लोटलं आणि आत शिरली. मागे फाटक मिटलं, खटका पडला. पोटभर खाऊन ती हौदाच्या कट्ट्यावर चढली आणि तिथून कुंपणापलीकडे उडी मारून गेली.

मामांना राग यायला हवा होता. पण त्यांचा खटका इतक्या अदबीने आजवर कोणी वापरला नव्हता. लोक तर फाटकाला लाथच घालत.

त्याच दिवशी त्यांनी पट्टीला भोक पाडून खुंटी बसवली. आधी खुंटी ओढायची, मग पट्टी उचलायची. शेळी हात हलवत परत गेली. दुर्दैवाने संध्याकाळी व्याहीही तसेच परत गेले. खुंटीचं फाटक उघडेना म्हणून त्यांनी हाका मारल्या होत्या, पण करवतीच्या आवाजात मामांना ऐकू आल्या नाहीत. लगेच मुलगी निरोप घेऊन आली: आम्ही यायला नको असेल तर तसं सरळ सांगा. मग मामींनी मामांना धारेवर धरलं.

मामांनी व्याह्यांचं घर गाठून शेळीचा पराक्रम सांगितला. व्याही म्हणाले, "गरीब जनावर आहे हो ते. तुमचाच काहीतरी गैरसमज झालाय."

मामांनी खुंटी काढून ठेवली आणि सकाळी दोघे व्याही ढिगामागे जाऊन बसले. शेळीने सगळा कार्यक्रम यथासांग पार पाडला. व्याह्यांचे डोळे भरून आले.

"तुमच्या जावयाला अजून हा खटका उघडता येत नाही," ते कुजबुजले.

उठताना दोघांचेही गुडघे आखडले. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ते कसेबसे उभे राहिले. व्याह्यांनी गोठ्यासाठी खुंटीचा खटका मागितला, मामांनी तो दुपारीच बसवला. शेळी रुसली, कोबी वाढला. व्याही-व्याही मात्र तेव्हापासून दोस्तांसारखे अरे-तुरेवर आले, आणि ते मामींना अजूनही पटलेलं नाही.