रस्ता शाबूत

“एकावर एक ठेव, मग बोल,” असं म्हणत आमचे उपअभियंता साहेब नकाशे खिडकीच्या काचेवर दाबून धरायचे. आधी रस्त्याचा, त्यावर कालव्याचा, त्यावर नळयोजनेचा. उन्हात सगळ्या रेघा एकदम उमटायच्या आणि कुठं काय अडणार ते दिसायचं.

एका कारकुनानं टोमणा मारला, “साहेब, दुसऱ्याच्या खात्यात कावून नाक खुपसता?”

“पाण्याला तुझ्या खात्याचा शिक्का वाचता येतो का बे?”

माणूस परळीचा, तोंडानं फटकळ. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याला बैठकीला बोलवायचं सगळे टाळतात.

मी त्यांच्या हाताखालचा नवा अभियंता, घरातला पहिला पदवीधर, आणि मला त्याचा अभिमान आहे. वडील मेंढरं राखायचे हे कळल्यावर साहेब म्हणाले, “मग उतार तुला शिकवायला नको. खुर्चीत बसून इसरू नको, बस्स.”

गेवराईकडच्या रस्त्याला उंच भराव घालायचा होता. त्या भरावाला ओढा आडवा येत होता आणि वरच्या अंगाला ओढ्याकाठी बौद्ध वस्ती. साहेबांनी पूल मागितला. त्यांच्या वरचे मोठे साहेब म्हणाले, “भरावाखालून सिमेंटच्या नळ्या टाका. आपलं काम रस्त्याचं, ओढा आपला नाही.”

“कुणाचाच न्हाई, म्हणूनच तो वस्तीत शिरंल!” साहेब इतके ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

नळ्याच पडल्या. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यानं शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या वाहून आणल्या, नळ्या तुंबल्या आणि पाणी भरावाला थटून वस्तीत चढलं. मोठ्या साहेबांनी वर फोन लावला, “रस्ता शाबूत आहे.” मी शेजारीच होतो. माणसांचं त्यांनी सांगितलं नाही, पलीकडून कुणी विचारलंही नाही. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

साहेब आणि मी तिथं पोचलो तेव्हा एक बाई लेकरू खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभी होती. “साहेब, रस्ता वाचवायचा का आमाला?”

साहेबांनी जेसीबीवाल्याला हाक मारली. “फोड रस्ता.”

“लिहून द्या, साहेब.”

“लेकरू बुडाल्यावर लिहू का? फोड बे!”

रस्ता फुटला, पाणी उतरलं, माणसं वाचली. आणि गुन्हा कुणावर? वस्तीतल्या पोरांवर, सरकारी मालमत्तेची नासधूस केली म्हणून! साहेब तडक ठाण्यात गेले. “पयलं नाव माझं घाला. फोडायला मीच लावला.” चिखलानं भरलेल्या बुटांनिशी ते पोरांशेजारी बाकड्यावर बसले आणि सगळ्यांना सोडेपर्यंत उठले नाहीत.

त्यांना निलंबित केलं. ते परळीला घरी बसले. फोडलेली जागा बुजवली, आणि खाली पुन्हा नळ्याच टाकल्या.

परवा तिकडून चाललो होतो. आभाळ अजून कोरडं होतं, तरी ती बाई गव्हाचं पोतं ओढत विहाराच्या स्लॅबवर चढवत होती. मला ओळखून तिनं विचारलं, “ते तुमचे साहेब आता कुठं असत्यात?”

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.