एलादिओरावांचा धोंड्याचा महिना

पद्मिनीबाईंना दोन जावई. धाकट्या इशिताचा नवरा केदार लांब वेस्ट विंडसरला कॉम्प्युटरवर काम करतो, स्वतःचं ताट स्वतः घासतो. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थोरल्या राधिकाचा नवरा एलादिओ. स्पेनचा. फुटबॉल खेळायचा. आता खेळत नाही आणि दुसरंही काही करत नाही. शिकागोजवळ नेपरव्हिलला सासऱ्याच्या घरी सोफ्यावर असतो.

हा माणूस मोठा कसा झाला ते पद्मिनीबाईंना तोंडपाठ होतं, कारण रोज जेवताना तेच वाढलं जायचं. स्पेनच्या उत्तरेला कोळशाच्या खाणींचं गाव. बाप खाणीत, काका खाणीत, दोघे भाऊ खाणीत. हा तेवढा चेंडूच्या मागे लागून वर उन्हात राहिला. एक क्लब, मग दुसरा, मग तिसरा, सगळे खालच्या लीगमधले. एकदाच काय तो वरच्या लीगमध्ये चढला, तिथे एक गोल मारला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली. डोक्यावरचे केस उडाले, पाय जड झाले, तेव्हा दोन हजार एक साली इकडच्या एका क्लबानं बोलावलं. सकाळी न खपलेली मेथी संध्याकाळी स्वस्तात काढतात, तसा तो शिकागोला आला. वर्ष झालं नाही तो गुडघा गेला. गुडघ्याला व्यायाम द्यायला जी फिजिओथेरपिस्ट मिळाली ती आमची राधिका. गुडघा बरा झाला नाही, लग्न मात्र झालं.

सासऱ्यांना, प्रल्हादरावांना, कोण आनंद! चाळीस वर्षं लोकांची पोटं तपासलेला डॉक्टर, आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नाही, पण "आमचे जावई इंटरनॅशनल" म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मिरवायचे. तळघरातल्या टीव्हीवर सासरा-जावई मिळून त्या गोलाची कॅसेट बघत. पद्मिनीबाईंना चहा घेऊन खाली जावं लागे, म्हणून त्यांनीही ती बघितली. एकदा नाही, पुष्कळदा.

बघितली म्हणून तर मनातून उतरला. कॅसेटमध्ये एक काटकुळा पोरगा डावीकडून चेंडू घेऊन धावत येतो. एकाला चुकवतो, दुसऱ्याला चुकवतो, तिसरा त्याला आडवा पाडतो, तरी पडता पडता चेंडू मध्ये ढकलतो. मध्ये आमचा जावई उभा. कधीपासून उभाच. चेंडू पायाला लागतो आणि आत जातो. आणि नाचतं कोण? हा! अंगातला शर्ट काढून, हात पसरून. आणि तो पोरगा तिकडे गवतात गुडघा धरून बसलेला.

"हे म्हणजे," पद्मिनीबाई म्हणाल्या, "नारळ मी खवायचा, पुरण मी वाटायचं, आणि वर तुपाची धार सोडून टाळ्या तुम्ही घ्यायच्या."

"आई, that is the job," एलादिओ म्हणाला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून चांगलं जमायचं. "स्ट्रायकरनं थांबायचं असतं. योग्य जागी."

"थांबायचा पगार? आणि तो पोरगा कोण?"

"कोणीतरी. डावीकडचा."

"नाव असेल ना काहीतरी?"

"पुष्कळ वर्षं झाली, आई."

दोन हजार चारला अधिक महिना आला, धोंड्याचा. जावई म्हणजे विष्णू, त्याला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर चांदीचं निरांजन. पद्मिनीबाईंनी रीतीप्रमाणे दिलं. तेव्हा त्याची निवृत्ती होऊन वर्ष झालं होतं. त्यानं ते निरांजन दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि गरगर फिरला. प्रल्हादराव टाळ्या वाजवत होते. अनारसे चार दिवसांत एकट्यानं संपवले. जावई आणि स्ट्रायकर एकच, पद्मिनीबाईंच्या मनात आलं. उभं राहायचं, आणून देणारे देतात.

त्यानंतर तीन वर्षं हा तसाच उभा. म्हणजे बसलेला. नात सावनी झाली, ती रांगली, चालली, बोलायला लागली. हा सोफ्यावर. टीव्हीवर समालोचकाची नोकरी मिळेल म्हणून फोनची वाट बघायचा. मोठ्या क्लबाचं बोलावणं येईल म्हणून वाट बघायचा. वाट बघण्यात मात्र हात धरणारं कोणी नव्हतं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात पुन्हा अधिक लागला. पद्मिनीबाई तांदूळ मोजून घेत होत्या तेवढ्यात राधिका हॉस्पिटलातून आली, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"आई, या वेळी करू नकोस अनारसे."

"का गं?"

"इथल्या पार्कमध्ये लहान मुलींची टीम आहे. त्यांनी त्याला असिस्टंट म्हणून बोलावलंय. हेड कोच एक शाळेतली टीचर आहे. तो म्हणतो, मी तिच्या हाताखाली मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडणार नाही. आई, मी थकले गं. बाबा त्याला डोक्यावर घेतात, मी काही बोलूच शकत नाही. हा महिना संपेपर्यंत त्यानं हो म्हटलं नाही, तर मी सावनीला घेऊन इशिताकडे जाते. तिकडे जॉब मिळेल मला."

"आणि तो?"

"तो राहील इथेच. बाबांना सोबत."

पद्मिनीबाईंनी मोजलेले तांदूळ परत डब्यात ओतले. मुलगी जाणार, नात जाणार, आणि हा सोफ्यावर राहणार! देवानं थट्टा करायची तरी किती.

रात्रभर विचार केला. सकाळी तळघराच्या जिन्यावरून हाक मारली, "एलादिओराव, वर या. माझी बोटं दुखतात. अनारशांचं पीठ तुम्ही करायचं."

"मी? पण अनारसे माझेच ना?"

"म्हणूनच."

प्रल्हादराव लगबगीनं वर आले. "अगं, जावयाला कामाला लावतेस? काही रीतभात आहे की नाही!"

"तुम्ही गप्प बसा. विष्णूला चार हात असतात. दोन मला द्या म्हणावं."

मग चाललं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी विसरला, वास सुटला, पद्मिनीबाईंनी सगळे फेकून दिले आणि पुन्हा भिजवायला लावले. निथळून धोतरावर पसरायचे, तेही सावलीत. यानं अंगणात उन्हात नेऊन टाकले, पुन्हा फेकले. "खाणीत गेला असतात तर बरं झालं असतं, तिथे ऊन तरी नसतं," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा जमलं. दमट असतानाच दळायचे, बारीक चाळणीनं चाळायचे. चाळताना नाकात पीठ, टकलावर पीठ, गुडघा कुरकुरतोय, उभं राहवत नाही. गूळ किसताना बोट सोललं. गूळ कालवला, गोळे करून डब्यात ठेवले, रोज झाकण उघडून वास घेऊन बघायला लागला. मूर्खच, पण निदान सोफ्यावरून उठला होता.

तळायचा दिवस आला तेव्हा महिना संपत आला होता. राधिकानं बॅगा काढून जिन्याखाली ठेवल्या होत्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि सगळ्यांना त्या दिसत होत्या.

त्यानं खसखशीवर एकेक गोळी थापून द्यायची, बाईंनी तुपात सोडायची. खसखस वर, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. एकही फुटला नाही. पद्मिनीबाईंना आतून नवल वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शप्पथ.

वासावर सगळे जमले. राधिकानं एक तोंडात टाकला. "आई! अगं काय सुंदर झालेत! तुझ्या हाताला तोड नाही."

प्रल्हादराव म्हणाले, "वा, पद्मिनी, वा!"

सावनी म्हणाली, "Aaji, you're the best!"

पद्मिनीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि मान डोलावून सगळं कौतुक घेतलं. सगळं.

एलादिओ ओट्याच्या डाव्या बाजूला उभा होता, कोपरापर्यंत पिठात. चेहरा लालबुंद झाला. "मी केलं!" तो ओरडला. "पीठ मी केलं! पंधरा दिवस! तिनं नुसतं तुपात टाकलं!"

"That is the job," पद्मिनीबाई म्हणाल्या. मग झारा खाली ठेवून विचारलं, "एलादिओराव, तो डावीकडचा पोरगा. नाव काय त्याचं?"

एलादिओनं पिठाचा हात टकलावरून फिरवला.

"फेर्मीन," तो म्हणाला. "फेर्मीन. त्या दिवशी त्याचा गुडघा तुटला. पुन्हा खेळला नाही. खाणीत गेला."

आठवत होतं मेल्याला! इतकी वर्षं आठवत होतं.

तो हात न धुताच बाहेर पडला, मागच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसला. आत आला तेव्हा राधिकाला एवढंच म्हणाला, "कोन किती वाजता मांडायचे असतात, विचार त्यांना."

राधिकानं बॅगांकडे बघितलं. "तूच विचार," ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात दिला.

शनिवारी पद्मिनीबाई घडीची खुर्ची घेऊन पार्कमध्ये गेल्या. वाण बरोबर नेलं होतं, उगाच बोल नको, महिन्याचे थोडेच दिवस उरले होते. ती शाळेतली बाई शिट्टी वाजवत होती आणि आमचे इंटरनॅशनल लंगडत लंगडत नारिंगी कोन मांडत होते. ओळ सरळ म्हणून नव्हती. पद्मिनीबाईंनी त्याला कुंकवाचा टिळा लावून अनारशांचा डबा त्याच्या हातात दिला.

त्यानं काय करावं? डबा उघडला आणि घामेजलेल्या पोरींना वाटत सुटला. सगळ्यात आधी कडेनं धावणाऱ्या, गोल झाल्यावर ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना, मग बाकीच्यांना, मग त्या शिट्टीवाल्या बाईला. स्वतःला उरला डब्याच्या तळचा खसखशीचा चुरा. तो बोटानं चाटत उभा राहिला.

"जावयाचं वाण वाटून टाकतात होय?" पद्मिनीबाई खुर्चीतून ओरडल्या. "एवढीसुद्धा अक्कल नाही!"

आणि घरी आल्यावर जिन्याखालच्या बॅगा उचलून माळ्यावर टाकायला त्यालाच सांगितलं, लंगडत्या पायानं.