फ्रिजच्या पाठीमागे

फ्रिज गार करेना, म्हणून मेकॅनिक आला. त्याने मागच्या फटीत थर्मल कॅमेरा धरला. पडद्यावर लालभडक डाग उमटला.

"कॉम्प्रेसर तापतोय, बदलावा लागेल."

"आधी फ्रिज पुढे तर ओढा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने ओढला. मागच्या जाळीवर तेलकट धुळीचा थर, त्यात चिकटलेली झुरळं आणि पावसाळ्यात उबेला वाळत घालून विसरलेलं, बुरशीने काळं पडलेलं फडकं. गरम हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. कॅमेऱ्याला उष्णता दिसली, घाण नाही. पडद्यावर तर ती उष्णता रांगोळीसारखी देखणी होती. दर दिवाळीला मी फ्रिजचं दार चकचकीत पुसते, वर विणलेलं कव्हर घालते.

मेकॅनिकने नाकाला रुमाल लावला. फडकं उचलायला कोणी पुढे होईना. माझंच होतं ते.