नानांचा जांभळा

दुपारची डुलकी वैजयंताच्या पापण्यांवर येऊन बसलीय, पण हातातला नवा फोन काही खाली ठेववत नाही. येवल्यातल्या घराच्या खोलीत माग थांबलाय, जेवणं झालीत, ती सतरंजीवर आडवी आहे. फोन आज सकाळीच आलाय. काय तो पडदा! काळा म्हणजे काजळासारखा काळा. आणि कॅमेरा? कपाच्या काठावर बसलेल्या माशीच्या पंखांवरच्या शिरासुद्धा दिसतात!

छातीवर जुन्या जांभळ्या पैठणीची, मोर असलेली चिंधी आहे. नानांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी विणलेली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आत निखारा धुमसत असावा तसा त्यांचा जांभळा रंग कुणालाच जमत नाही. शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शिकवायचं राहूनच गेलं. आता एका बाईंना लेकीच्या लग्नासाठी तोच रंग हवाय. वैजयंताने दोनदा नमुना विणला, दोन्ही वेळा रंग मेलेला निघाला.

"काय गं एवढं बघतेस त्याच्यात?"

नाना उशाशी बसलेत. डोक्यावर टोपी, गुडघे पोटाशी.

"नाना, तुम्हीच बघा ना!"

नाना फोन दोन्ही हातांनी घेतात, प्रसाद घ्यावा तसा. "अगंऽऽ, हा आपला मोर? त्याच्या डोळ्यातला ठिपका दिसतोय की!" त्यांचा आवाज चढतो. "वैजे, मला दिसतंय!"

"थांबा, अजून जवळ नेते."

ती चिंधीवर कॅमेरा धरते, दोन बोटांनी पडदा ताणते. धागे दोरीएवढे होतात, कासऱ्याएवढे होतात, आणि ती दोघं शेतात उभी असतात. निळ्या सऱ्या लांबवर गेल्यात, त्यांना आडवे राणी रंगाचे बांध. नाना अनवाणी भराभर चालतात, लहान पोरासारखे.

"नाना, हळू! तेवढा रंग सांगून जा. मी उभा धागा निळा घेते, आडवा राणी. तुमचंही तसंच ना?"

"तसंच."

"मग माझा रंग उठत का नाही?"

"मला काय विचारतेस? तुझा फोन काय दाखवतोय ते बघ. वाक खाली."

ती वाकते. बांध एक नाहीच. राणी धाग्याला बिलगून केसाएवढा शेंदरी धागा पळतोय.

"अगं बाई! दोन?"

"दोन्ही बरोबर घ्यायचे. पीळ मात्र द्यायचा नाही. पीळ दिला की रंग विझतो." बोलता बोलता नाना एसटी स्टँडच्या बाकावर बसलेत, शेजारी पिशवी. "हेच सांगायचं राहिलं होतं बघ."

"तुमचा एक फोटो काढू?"

"माझा कशाला? आधी माग चालू कर," नाना म्हणतात आणि हसत हसत गाडीत चढतात.

वैजयंता दचकून उठते. हातात फोन, कॅमेरा उघडाच. शेवटचा फोटो दोन चाळीसचा, आणि तो काढल्याचं तिला मुळीच आठवत नाही. चिंधी इतकी जवळून टिपलीय की धागा न् धागा मोजावा. राणी धाग्याच्या कुशीत शेंदरी. दोन्ही सुटे, पीळ नसलेले.

"अहो, उठा, उठा!" ती आतल्या खोलीकडे पळत ओरडते. "शेंदरी रेशीम कुठे ठेवलंय?"